परक्या गावात रुजताना
(शिक्षण व नोकरीसाठी परगावी निघालेल्या तरुणांच्या आणि त्यांच्या पालकांच्या चाळीसगाव येथील मेळाव्यात झालेले भाषण)



चाळीसगाव हे जंक्शन आहे. १८६०च्या दशकात मुंबईहून भुसावळकडे निघालेला लोहमार्ग येथून गेला आणि १९०० साली धुळ्याचा फाटा येथूनच फुटला. तेव्हापासून या गावाला उतरणाऱ्यांची आणि चढणाऱ्यांची सवय आहे. जून महिना आला की चढणाऱ्यांची संख्या वाढते. बारावी झालेली, आयटीआय झालेली, पदवी हातात आलेली मुले पुण्याला, नाशिकला, मुंबईला, सुरतेला निघतात. फलाटावरचे दृश्य ठरलेले असते. एका पिशवीत लाडू आणि चिवडा, एका वळकटीत गोधडी, फाइलमध्ये दाखल्यांच्या झेरॉक्स प्रती आणि वडिलांच्या तोंडी एकच वाक्य, "पोहोचल्यावर फोन कर." आई सामानात सर्व काही भरते. फक्त अनोळखी माणसाच्या शेजारी कसे राहावे, हे मात्र कोणत्याच पिशवीत भरता येत नाही. आजच्या विषयाचा रोख तेवढ्यापुरताच आहे.

या विषयासाठी फार लांब जायला नको. खानदेशच्या माणसाने परक्या शहरात घर कसे केले, याचे सर्वांत मोठे उदाहरण सुरत हे आहे. चाळीसगावच्या तितूर नदीचे पाणी गिरणेत जाते, गिरणा तापीला मिळते आणि तापी सुरतेला वळसा घालून समुद्राला जाते. पाण्याने जी वाट धरली तीच माणसांनी धरली. १९००च्या सुमारास सुरत, अमळनेर, जळगाव अशी तापी व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि पूर्व खानदेशाचे दार गुजरातकडे उघडले. धुळ्याहून साक्री, नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली असा गाडीरस्ता होताच. सुरत आणि मराठी माणूस हे शब्द एकत्र उच्चारले की कोणालाही १६६४ आणि १६७० ही साले आठवतात. ते स्वाभाविक आहे. परंतु त्यानंतर तीनशे वर्षांनी जो मराठी माणूस सुरतेत शिरला, त्याच्या हाती तलवार नव्हती, जेवणाचा डबा होता. कोरडवाहू शेती, एक दोन दुष्काळी वर्षे, भावाभावांत वाटली गेलेली चार बिघे जमीन आणि घरात लग्नाची बहीण, एवढे पाठीशी घेऊन तो उधना स्थानकावर उतरला.

उतरला म्हणजे कोठे गेला? तर आधी आलेल्या गाववाल्याच्या खोलीवर. सुरतेतल्या खानदेशी वस्तीचा इतिहास हा अशा खोल्यांचा इतिहास आहे. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा, गोडादरा ही नावे चाळीसगाव, पारोळा, अमळनेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांतल्या कित्येक घरांत शेजारच्या खेड्याच्या नावांइतकी परिचित आहेत. एका खोलीत सहा ते आठ जण, त्यांतले निम्मे दिवसपाळीला आणि निम्मे रातपाळीला. एकाची वळकटी गुंडाळली जाई तेव्हा दुसऱ्याची उलगडे. यंत्रमागाच्या कारखान्यात बारा बारा तासांची पाळी, रंगाई-छपाईच्या गिरण्यांत गरम वाफ, रिंग रोडवरच्या कापडबाजारात साड्यांचे गठ्ठे वाहणे. ज्यांचे हात हलके आणि डोळा तीक्ष्ण, ते हिऱ्यांच्या घंटीवर बसले. गावाकडे मात्र मनीऑर्डर वेळेवर पोहोचत होती.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. गाववाल्याची खोली हे वरदान असते आणि अडचणही असते. वरदान यासाठी, की पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर मिळते, कोणत्या कारखान्यात कारागीर हवेत ते कळते, ताप आला तर पेज करून देणारा कोणी असतो. गर्दीत कानावर "भाऊ, कोणता गावना शे?" हा अहिराणी प्रश्न पडला की परक्या शहराचे परकेपण निम्म्याने उतरते. अडचण यासाठी, की त्या खोलीतून बाहेर पडण्याची गरजच वाटेनाशी होते. दहा वर्षे सुरतेत राहून गुजराती वर्तमानपत्र वाचता येत नाही, बँकेतला अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागतो, मुलाच्या शाळेत शिक्षकांशी बोलायला शेजारच्या दुकानदाराला न्यावे लागते, असे संसार तेथे कमी नव्हते. परक्या शहरात आपल्या माणसांत राहणे ही पहिली पायरी झाली. तिलाच घर समजून जो बसला, तो त्या शहराच्या दृष्टीने कायमचा पाहुणाच राहिला.

घर भाड्याने मिळवताना आणखी एक अनुभव येई. घरमालक दार अर्धवट उघडून विचारी, "मराठी छो? मांस-मच्छी खाओ छो?" उत्तर ऐकून दार पूर्ण उघडे किंवा बंद होई. यात द्वेष होताच असे नव्हे. बहुतेक वेळा ती त्या घराची रीत होती. पण दाराबाहेर उभ्या असलेल्या तरुणाला रीत आणि नकार यांतला फरक समजत नाही. तो खाली मान घालून पुढच्या दाराकडे जातो. चाळीसगावकरांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा, कारण याच दाराशी पुढे परत यायचे आहे.

मग हे लोक तेथे रुजले कसे? याचे उत्तर पुरुषांच्या पगारात शोधून सापडत नाही. ते बायकांच्या येण्यात आहे. जोवर खोलीत आठ पुरुष होते तोवर ती खोली होती. त्यांतला एक जण गावाहून बायकोला घेऊन आला, त्याने वेगळी एक खोली घेतली, तिच्या दारात तुळस आली, आणि शेजारच्या गुजराती बाईशी पाण्याच्या नळावर बोलणे सुरू झाले. नळाला पाणी किती वाजता येते, या प्रश्नाला भाषा लागत नाही. कळण्याच्या भाकरीचा वास शेजारी गेला, शेजारून चंदनी पडव्याला घारी आली. खानदेशी घरातल्या मुली गुजराती मैत्रिणींबरोबर नवरात्रात गरब्याला जाऊ लागल्या आणि त्यांच्या आयांनी शेजारणींना खापरावरची पुरणपोळी कशी उलटतात ते दाखवले. समाजशास्त्राच्या पुस्तकात याला जड नावे आहेत. गल्लीत त्याला 'येणेजाणे' म्हणतात.

आणि मग कानबाई आली. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई मातेची स्थापना होते. नारळाला नथ आणि दागिने घालून देवीचे रूप देतात, घरातील पुरुषांच्या संख्येवरून सव्वाच्या मापाने गहू मोजून रोट होतात, रात्र गाण्यांनी जागवतात आणि सोमवारी विसर्जन होते. हा भाऊबंदकीचा सण. रोट कुळातल्यांनीच खायचे, म्हणून त्या दिवशी कुळातला माणूस असेल तेथून गावी येतो. सुरतेतल्या खानदेशी माणसालाही पूर्वी रजा काढून गावी धावावे लागे. रजा मिळाली नाही तर पगार कापला जाई. हळूहळू सुरतेतच कानबाई बसू लागली, रस्त्यावरून वाजतगाजत निघू लागली आणि तापीच्या पाण्यात तिचे विसर्जन होऊ लागले. कुलदेवतेने नवे गाव मान्य केले, असे जुन्या माणसांच्या भाषेत म्हणता येईल. वास्तविक मान्यता माणसांनीच दिली होती. ज्या दिवशी घरातल्या म्हातारीने "औंदा कानबाई इथेच बसवू" असे म्हटले, त्या दिवशी ते कुटुंब सुरतेचे झाले. शिधापत्रिका आणि वीजबिल नंतर आले.

पण समाज कोणाला आपला मानतो हे सणावारी कळत नाही, संकटात कळते. सप्टेंबर १९९४मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून निघाले. खानदेशाकडे येणाऱ्या गाड्यांना मुंगी शिरायला जागा नव्हती. त्या वेळी देशभर सुरतेहून आलेल्या माणसाकडे संशयाने पाहिले जात होते. विचार करावा असा हा प्रसंग आहे. ज्या मुलाच्या मनीऑर्डरवर घर चालत होते, तो मुलगा दारात आला तेव्हा आईने त्याला मिठी मारली, पण शेजाऱ्याने खिडकी लावून घेतली. सुरतेत तो खानदेशी होता आणि गावात तो सुरतवाला झाला होता. दोन्हीकडचा परकेपणा एका आठवड्यात त्याच्या वाट्याला आला. साथ ओसरली. त्यानंतरच्या एक दोन वर्षांत महापालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात सुरतेने जी स्वच्छता केली तिची देशात वाहवा झाली. गावी पळून आलेल्यांपैकी बहुतेक जण परत गेले. पोट हे कारण होतेच. पण आपला संसार, आपले शेजारी, मुलांची शाळा तिकडे आहे, हेही कारण होते.

दुसरे संकट ऑगस्ट २००६चे. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी फुगली आणि सुरतेचा फार मोठा भाग काही दिवस पाण्याखाली गेला. या वेळी पळून जायला रस्ता नव्हता. तळमजल्यावरचा मराठी संसार वरच्या मजल्यावरच्या गुजराती, राजस्थानी, ओडिया संसारात शिरला. एका स्टोव्हवर सर्वांचा भात शिजला. मांस-मच्छी खाता का, हा प्रश्न त्या दिवसांत कोणाला आठवला नाही.

सुरतेतल्या खानदेशी माणसाचे आजचे स्थान सर्वांना दिसते. जळगाव जिल्ह्यातून गेलेले, तरुणपणी गुजरात पोलीस दलात शिपाई असलेले सी. आर. पाटील २००९पासून नवसारी मतदारसंघातून लोकसभेवर निवडून येत आहेत. २०२०मध्ये ते भाजपचे गुजरात प्रदेशाध्यक्ष झाले आणि २०२४मध्ये केंद्रात जलशक्ती मंत्री. लिंबायत मतदारसंघातून संगीता पाटील यांनी २०१२, २०१७ आणि २०२२ अशा तीन निवडणुका जिंकल्या. महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाकडे गुजरातमध्ये पक्षाने प्रदेशाध्यक्षपद द्यावे आणि कोणाला त्यात वावगे वाटू नये, हे या देशाच्या एकात्मतेचे लहान उदाहरण नव्हे. प्रांताभिमानाच्या आरोळ्या ठोकणाऱ्यांनी आधी लिंबायतच्या गल्ल्यांतून एक फेरी मारावी. सुरत महापालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालत आल्या आहेत. परप्रांतातून आलेल्या मजुराच्या मुलाला त्याच्या मातृभाषेत अक्षर शिकवणारे शहर हे व्यापारी शहर खरे, पण केवळ व्यापारी नव्हे.

अर्थात सगळेच गोड नाही. मराठी शाळेत मुले घालण्यापेक्षा इंग्रजी शाळेत घालावी असे तिथल्या खानदेशी पालकालाही वाटते. नातवंडे हिंदी-गुजराती मिसळून बोलतात आणि आजीची अहिराणी त्यांना समजते, बोलता येत नाही. मग प्रश्न येतो, की रुजणे म्हणजे विरघळणे काय?

या प्रश्नाला पारशी समाजाने उत्तर दिले आहे. दुधात साखर मिसळल्याची संजाण बंदराची लोककथा सर्वांना ठाऊक आहे आणि व्याख्यानांतून ती हजारदा सांगितली जाते. ऐतिहासिक पुरावा म्हणून तिच्याकडे पाहू नये, पण कथा म्हणून ती सुंदर आहे. मात्र ती सांगणारे अर्ध्यावर थांबतात. साखर विरघळली असे ते म्हणतात. पारशी समाजाने गुजराती भाषा स्वीकारली, आणि अग्नी मात्र सांभाळला. संजाणहून निघालेला तो पवित्र अग्नी अनेक ठिकाणे फिरून १७४२पासून उदवाड्याला आहे. भाषा शेजाऱ्याची, अग्नी पूर्वजांचा, आणि निष्ठा ज्या भूमीने आश्रय दिला तिच्याशी. या तिन्ही गोष्टी एका घरात नांदू शकतात, हे या देशात शेकडो वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे.

पारशी समाजाचे नाव निघाले आणि सभा चाळीसगावात आहे, म्हणजे केकी मूस यांचे नाव निघणारच. १९१२ साली मुंबईत मलबार हिलवर जन्मलेला, शेफील्डच्या बेनेट कॉलेजातून कलाशिक्षण घेतलेला, जग पाहून आलेला हा तरुण १९३०च्या दशकाच्या अखेरीस चाळीसगावात आई-वडिलांकडे आला आणि स्थानकाजवळच्या त्या बंगल्यात राहिला तो राहिलाच. ३१ डिसेंबर १९८९ रोजी त्याच घरात त्यांनी देह ठेवला. मधली सुमारे पन्नास वर्षे ते घराबाहेर क्वचितच पडले. मेजावर लहानसहान वस्तू रचून त्यांतून अख्खे निसर्गदृश्य उभे करायचे आणि त्याचे छायाचित्र घ्यायचे, या कलेत त्यांनी जगभरची पारितोषिके मिळवली. रात्रीच्या मेलने एक व्यक्ती येणार म्हणून ते रोज दोघांचे ताट तयार ठेवत, अशी आख्यायिका गावात सांगितली जाते. ती खरी किती आणि रचलेली किती, या वादात शिरण्याचे कारण नाही.

या विषयाच्या दृष्टीने केकी मूस यांचे आयुष्य विलक्षण आहे. कारण परक्या गावात कसे रुजावे याचे जे जे नियम सांगितले जातात ते सर्व त्यांनी मोडले. ते चौकात उभे राहिले नाहीत, कोणाच्या ओट्यावर बसले नाहीत. तरीही गाव त्यांना 'बाबूजी' म्हणत असे. येथे श्रेय गावाचे आहे. दार लावून बसणारा, वेगळ्या धर्माचा, वेगळ्या वळणाचा, लहरी वाटणारा एक माणूस चाळीसगावने पन्नास वर्षे त्याच्या पद्धतीने राहू दिला, आणि तो गेल्यावर त्याचे घर कलादालन म्हणून जपले. शेजारधर्म म्हणजे सतत दार ठोठावणे नव्हे. एखाद्याचे बंद दार बंद आहे म्हणून त्याच्यावर न रागावणे, हाही शेजारधर्मच. आज परगावाहून येथे आलेला कलावंत, शिक्षक किंवा बँकेतला एकटा अधिकारी संध्याकाळी कोणाकडे जात नाही म्हणून त्याला 'माणूसघाणा' ठरवणाऱ्यांनी त्या बंगल्याकडे एकदा पाहून घ्यावे.

तरुण मित्रांनी मात्र केकी मूस यांच्यासारखे राहू नये. त्यांच्याकडे कला होती, ती त्यांना पुरली. सर्वसामान्य मुलाला एकटेपण पुरत नाही, ते त्याला खाते. पुण्यात हिंजवडीला किंवा वाघोलीला तीन मुलांत एक सदनिका, जेवण मोबाइलवरून मागवलेले, कामही संगणकावर, करमणूकही संगणकावर. दोन वर्षे राहून समोरच्या दारावरची पाटी कोणाच्या नावाची आहे ते सांगता येत नाही. यंत्रमागाच्या खोलीत आठ जण होते तेव्हा गर्दी होती, पण एकाचा चेहरा उतरला तर सात जणांना कळत होते. आज चेहरा उतरला तर तो आरशालाच कळतो.

यावर उपाय म्हणून फार थोर काही करायचे नाही. १९१० साली नागपूरचा एक वीस-एकवीस वर्षांचा तरुण वैद्यकीय शिक्षणासाठी कोलकात्याला गेला. नॅशनल मेडिकल कॉलेजात त्याने प्रवेश घेतला आणि महाराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या 'शांतिनिकेतन' नावाच्या वसतिगृहात तो राहिला. म्हणजे त्याचीही सुरुवात गाववाल्याच्या खोलीतूनच झाली. पण तो तेथे थांबला नाही. तो बंगाली शिकला, बंगाली कुटुंबांत गेला, तिथल्या सार्वजनिक जीवनात मिसळला आणि १९१३ साली दामोदर नदीला पूर आला तेव्हा मदतकार्यात उतरला. पुढे हाच तरुण डॉ. हेडगेवार म्हणून देशाला परिचित झाला. त्यांनीच १९३७ साली भाऊराव देवरस यांना लखनौला पाठवले. कोणाची ओळख नाही, भाषेचा लहेजा वेगळा, हवा वेगळी. भाऊरावांनी विद्यापीठात नाव घातले, अभ्यास केला आणि संध्याकाळी मैदानावर मुलांबरोबर खेळायला सुरुवात केली. उत्तर प्रदेशातल्या संघकार्याचा पाया त्या खेळात घातला गेला. संघाच्या शाखेविषयी बाहेर अनेक गैरसमज आहेत. परक्या शहरातल्या एकट्या मुलाच्या दृष्टीने मात्र शाखेचा अर्थ साधा आहे. रोज एका तासाला कोणीतरी वाट पाहते आणि दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी कोणी तरी खोलीवर येऊन विचारते, "बरा आहेस ना?" ज्याला शाखेत जायचे नसेल त्याने भजनी मंडळात जावे, वाचनालयात जावे, गणेशोत्सवाच्या मांडवाचे बांबू धरावे. पण रोज किंवा आठवड्यातून एकदा आपली कोणी वाट पाहील अशी एक जागा नव्या गावात पहिल्या महिन्यातच शोधावी.

येथवर जाणाऱ्यांचा विचार झाला. आता येणाऱ्यांचा.

चाळीसगावला पाहुण्याची परंपरा नवी नाही. पाटणादेवीच्या परिसरातल्या पाटण गावी जो शिलालेख सापडला आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी जो अभ्यासकांपुढे आणला, तो शके ११२८चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७चा आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणी आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिले, असे तो सांगतो. या लेखाचा अखेरचा भाग मराठीत आहे आणि बाजारातल्या मालावर, तेलाच्या घाण्यामागे मठाला काय द्यावे, याची त्यात नोंद आहे. राजांचे दान सर्वत्र आढळते. येथे मात्र विद्येच्या मठाचा दिवा बाजारातल्या घाण्याच्या तेलावर पेटत होता. गणित शिकायला आलेल्याचा भार गावाने आपल्या घाण्यावर घेतला होता, असे त्या ओळींवरून वाटते.

त्याच तालुक्यात आज काय दिसते? परगावाहून बदली होऊन आलेला शिक्षक किंवा परिचारिका खोली पाहायला जाते, तेव्हा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. "आडनाव काय?" हा असतो. आडनावावरून जात कळली नाही तर गाव विचारले जाते, गावावरून कळले नाही तर "देव कोणता?" असे विचारले जाते. उत्तर मनासारखे नसले की खोली 'कालच दिली' असे सांगण्यात येते. सुरतेत जो प्रश्न अर्धवट उघडलेल्या दारातून खानदेशी मुलाला विचारला गेला, त्याच्यापेक्षा हा प्रश्न कडू आहे, कारण तेथे रीत आडवी आली होती, येथे जात येते. व्यासपीठावरून समरसतेवर बोलायचे आणि घरी खोली देताना आडनाव तपासायचे, हे हिंदू म्हणवणाऱ्या समाजाला शोभत नाही. ज्या घरात समरसतेच्या कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका येते त्याही घरात असे घडते, म्हणून हे येथेच बोलणे भाग आहे.

आणखी एक वर्ग आहे, ज्याच्याकडे आलेला म्हणून किंवा गेलेला म्हणून कोणाचे लक्ष नसते. तालुक्यातल्या तांड्यांवरची अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. वर्षातला अर्धा काळ ती दुसऱ्याच्या शिवारात पाचटाच्या कोपीत असतात. त्यांच्या मुलांना प्रत्येक हंगामात नवे गाव असते आणि परत आल्यावर स्वतःच्या शाळेतही ती नवखी असतात. पुण्याला निघालेल्या मुलासाठी जे जे वाटते, ते या मुलांसाठीही वाटायला हवे. निदान हंगामाच्या काळात आजी-आजोबांकडे राहिलेल्या मुलांना संध्याकाळी अभ्यासाला बसवायला तांड्यावर कोणी जाऊ शकते का, एवढा विचार येथील निवृत्त शिक्षकांनी करावा.

३१ ऑगस्ट २०२१चा दिवस चाळीसगावकर विसरणार नाहीत. डोंगरावर रात्रभर पाऊस कोसळला, डोंगरी आणि तितूर एकाच वेळी फुगल्या, पाणी बाजारपेठेत आणि वस्त्यांत शिरले. खेड्यांतून जनावरे वाहून गेली, कन्नड घाटात दरडी कोसळून वाट बंद झाली. अशा वेळी सरकारी यंत्रणा येते, पण तिला यायला वेळ लागतो. मधल्या तासांत कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कोणत्या खोलीत बाळंतीण आहे, मागच्या गल्लीतला नवा भाडेकरू रातपाळी करून झोपलेला असेल, ही माहिती कोणत्याही दफ्तरात नसते. ती शेजाऱ्याकडे असते किंवा कोणाकडेच नसते. मागच्या गल्लीतल्या भाडेकऱ्याचे नाव ठाऊक नसेल तर त्याला हाक काय म्हणून मारायची?

तेव्हा सभा संपल्यावर लगेच उठू नये. बाहेर दाराशी एक वही ठेवली आहे. तिच्या डाव्या पानावर सुरत, पुणे, नाशिक, मुंबई येथे राहणाऱ्या आपापल्या नातेवाइकांचा फोन लिहायचा आहे, म्हणजे या जूनमध्ये निघणाऱ्या मुलांना पहिल्या रात्रीची खोली मिळेल. उजव्या पानावर, ज्यांच्या घरी येथे एखादी खोली रिकामी आहे, त्यांनी आपले नाव, गल्ली आणि भाडे लिहावे. उजव्या पानाला चौथा रकाना नाही. आडनाव विचारण्यासाठी जागा ठेवलेली नाही. पेन दोऱ्याने बांधले आहे.